क्रियापद कोणाकडे पाहते

भोपाळच्या अरेरा कॉलनीतील बिट्टन मार्केटमध्ये भाजीचा हाट भरतो, त्या दिवशी ताडपत्रीवर ओतलेल्या कांद्यांच्या ढिगासमोर उभे राहिलेले मराठी घरातील गिऱ्हाईक, शेकडो कांदे डोळ्यांसमोर असूनही, सोबतच्या माणसाला एकवचनातच सांगते की कांदा बरा दिसतो आहे, घ्यायला हरकत नाही. त्याच गिऱ्हाइकाला विक्रेत्याकडे वळून हिंदीत भाव विचारावा लागतो, तेव्हा 'प्याज' हा शब्द काहींच्या तोंडी पुल्लिंगी आणि काहींच्या तोंडी स्त्रीलिंगी असल्यामुळे, 'दिया' म्हणावे की 'दी' म्हणावे असा क्षणभराचा पेच त्याच्या जिभेवर उभा राहतो. आणि शेजारचे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारे मूल त्याच ढिगाविषयी मनातल्या मनात जे वाक्य जुळवते, त्यात कांदे पुष्कळ असतात आणि त्यांच्यामागून 'आर' हे अनेकवचनी क्रियापद येते. ढीग एकच असतो, पिशवीही एकच असते, पण तीन भाषांची तीन क्रियापदे त्या ढिगाकडे तीन वेगवेगळ्या नजरांनी पाहून गेलेली असतात.

वाक्यातील क्रियापदाने कोणाचे तरी लिंग, वचन आणि पुरुष पाहावे आणि त्याची खूण स्वतःच्या रूपात उतरवून घ्यावी, या व्यवहाराला साध्या शब्दांत कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ म्हणता येईल. इंग्रजीत हा मेळ अतिशय थोड्या जागी दिसतो. असणे या अर्थाचे क्रियापद 'ॲम', 'इज', 'आर', 'वॉज', 'वेअर' अशी रूपे घेते, 'हॅव'चे 'हॅज' होते आणि बाकीच्या बहुतेक सगळ्या क्रियापदांना वर्तमानकाळात, बोलणारा व ऐकणारा सोडून तिसऱ्याच कोणा एकाविषयी बोलायचे असेल तरच, शेवटी एक 'एस' लागतो. मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये पिढ्यानपिढ्या हा नियम एका दमात म्हणून घेतला जातो: तृतीय पुरुषी एकवचनी कर्ता असेल तर क्रियापदाला एस किंवा ईएस लावावा. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली; त्यापूर्वी मराठी शाळेतील मुलाची या नियमाशी गाठ सामान्यतः पाचवीनंतर पडत असे. परंतु वय कोणतेही असो, वहीत 'ही गो' असे लिहिले जाते, त्याच्यापुढे लाल शाईने एक बारीक अक्षर घातले जाते, आणि ते अक्षर पुढच्या पानावर पुन्हा गळलेले असते.

हे अक्षर इतक्या सहज का गळते, याचे उत्तर बहुधा त्याच्या एकटेपणात आहे. इंग्रजीच्या अगदी जुन्या रूपात क्रियापदे पुरुषाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे वेगवेगळे प्रत्यय घेत असत; काळाच्या ओघात ते प्रत्यय झिजत गेले आणि भाषेने आपला भार शब्दांच्या क्रमावर टाकला. कर्ता आधी, क्रियापद नंतर आणि कर्म त्यापुढे, एवढा क्रम पाळला की कोणी काय केले हे कळते, मग क्रियापदाने वेगळी खूण बाळगण्याची निकड राहत नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये तिसऱ्या पुरुषासाठी 'एथ' हा प्रत्यय प्रचलित होता आणि १६११ मध्ये छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये तोच आढळतो. 'एस' हा मूळचा उत्तरेकडील बोलींचा प्रत्यय, तो हळूहळू खाली सरकला, आणि शेक्सपिअरच्या नाटकांमध्ये 'हॅथ' आणि 'हॅज' ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पुढे 'एथ' मागे पडला आणि 'एस' उरला. वाडा पडून गेल्यावर एखादा खांब तेवढा उभा राहावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे प्रयोजन कळू नये, तसे या अक्षराचे झाले आहे. ते गळले तरी अर्थ कळतो, आणि ज्याच्यावाचून अर्थ अडत नाही ते जपण्यासाठी केवळ सवयीचा आणि निष्ठेचा आधार असतो.

मराठी क्रियापदाची नजर याहून पुष्कळ चौफेर आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा विस्तृत ग्रंथ १९११ मध्ये आला. अशा ग्रंथांतून घडलेल्या परंपरेत कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्या परस्परसंबंधाला 'प्रयोग' असे नाव आहे. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले तर तो कर्तरी प्रयोग, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, आणि दोघांपैकी कोणाकडेच न पाहता नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहिले तर भावे. मुलगा पोळी खातो, येथे क्रियापद मुलाकडे पाहते. पण तेच खाणे भूतकाळात गेले की मुलाला 'ने' हा प्रत्यय लागतो आणि मग मुलाने पोळी खाल्ली, भात खाल्ला, वरण खाल्ले असे म्हणताना क्रियापदाची मान ताटातल्या पदार्थांकडे वळते. शिपायाने चोरांना पकडले, या वाक्यात कर्ताही प्रत्ययाच्या आड आहे आणि कर्मही. म्हणून क्रियापद कोणाचेच न होता 'पकडले' एवढ्यावर थांबते. पाणिनीने कर्त्याची ओळख स्वतंत्र अशी करून दिली होती. मराठीत मात्र कर्ता स्वतंत्र असला तरी क्रियापद दर वेळी त्याच्याच मागे जात नाही. बहुधा जे नाम प्रत्ययाविना, उघडे उभे असते, त्याचा हात ते धरते.

या नजरेतील नाजूकपणा पाहायचा असेल तर एकच लहान वाक्य जवळ धरून पाहावे: तू पोळी खाल्लीस. 'खाल्लीस' या शब्दातील दीर्घ ई पोळीची आहे, कारण भात असता तर 'खाल्लास' झाले असते आणि वरण असते तर 'खाल्लेस'. आणि शेवटचा 'स' हा समोर बसलेल्या 'तू'चा आहे, कारण खाणारा दुसरा कोणी असता तर तो आला नसता. एका शब्दाच्या शेपटाशी खाल्ली गेलेली वस्तू आणि खाणारा माणूस अशी दोघेही सामावली आहेत. मराठी व्याकरणात अशा रचनेला कर्तृ-कर्म संकर असे नाव आहे. संकर म्हणजे दोन गोष्टींचे एकमेकींत मिसळणे. अलीकडच्या बोलण्यात हा 'स'ही पुष्कळदा गळतो आणि 'तू पोळी खाल्ली' एवढ्यावर भागते. इंग्रजीतील 'एस' आणि मराठीतील हा 'स' कानाला सारखेच लागतात, पण त्यांची कामे एकमेकांच्या उलट आहेत: मराठी 'स' समोर असलेल्या माणसासाठी येतो, तर इंग्रजी 'एस' समोर नसलेल्या माणसासाठी.

बिट्टन मार्केटच्या गर्दीत मराठी कानावर पडते, यामागे इतिहासाचा एक मोठा फेरा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर राजधानी राहिले नाही आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. दप्तरांबरोबर कर्मचारी आले, कर्मचाऱ्यांबरोबर कुटुंबे आली, आणि कुटुंबांबरोबर 'काय करून राहिला' असे विचारणारी नागपुरी मराठीही आली, जिच्या क्रियापदांनी हिंदीचा शेजार आधीच अंगी बाणवून घेतला होता. ग्वाल्हेर आणि इंदूरकडची, शिंदे-होळकरांच्या काळापासून तेथे रुजलेली घरे त्यांना येऊन मिळाली. आता या घरांमध्ये स्वयंपाकघरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेच्या वहीत इंग्रजी अशी वाटणी असते, आणि दारावरची घंटा वाजली की एकाच माणसाचे क्रियापद एका श्वासात तीन नियम बदलते.

या बदलात सर्वांत जास्त ओढाताण लिंगाची होते. मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आहे, हिंदीत ते स्त्रीलिंगी आणि इंग्रजीत त्याच्या लिंगाशी क्रियापदाला कर्तव्यच नाही. मराठीत चहा होतो, हिंदीत चाय होती है. मराठीत आवाज आला, हिंदीत आवाज आई. नेहमीच्या वस्तूंचे असे झाले तर त्याचे फार वाटत नाही. परंतु आत्मा मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी, मृत्यूही मराठीत येतो आणि हिंदीत येते, हे लक्षात आले की शब्दांच्या लिंगामागे केवढे मोठे चित्र दडलेले असते याची जाणीव होते. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या कल्पनेत मृत्यू पुरुषाच्या पावलांनी दाराशी येतो. तोच माणूस रस्त्यापलीकडे हिंदीत शोक व्यक्त करू लागला की ती पावले स्त्रीची होतात. भोपाळमधील मराठी माणूस हिंदीत कधी 'पुस्तक पढ़ा' म्हणून जातो आणि ऐकणारा त्याला सुधारतो. ही चूक अज्ञानातून झाली असे म्हणणे अपुरे आहे. त्याच्या क्रियापदाने मेळ साधलेलाच असतो. फक्त तो घरातील पुस्तकाशी साधलेला असतो.

'ही गो' असे लिहिणाऱ्या मुलाविषयीही याच सहानुभूतीने विचार करता येईल. मराठीत 'मला आंबे आवडतात' असे म्हणताना आवडणे हे आंब्यांकडून घडते आणि क्रियापद आंब्यांचे वचन घेते. 'मला' हा शब्द त्या आवडीचा फक्त धनी असतो. इंग्रजीत तेच वाक्य बोलणाऱ्यापासून सुरू होते आणि आंबे मागे जातात. ज्या मुलाचे क्रियापद कधी खाणाऱ्याकडे, कधी खाल्ल्या जाणाऱ्याकडे, तर कधी कोणाकडेच न पाहण्याच्या सवयीत वाढले, त्याला अचानक असे सांगितले जाते की आता फक्त कर्त्याकडे पाहा, आणि तोही तिसरा, एकटा आणि वर्तमानकाळातला असेल तरच त्याची दखल घे. त्याने आजवर उचललेल्या ओझ्याच्या मानाने हे ओझे फारच हलके आहे, आणि कदाचित म्हणूनच ते हातातून निसटते. तर्खडकर या आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालांवर ज्या पिढ्यांनी इंग्रजी गिरवले, त्यांनी मराठी वाक्य एका बाजूला आणि इंग्रजी वाक्य दुसऱ्या बाजूला ठेवून शिकण्याची रीत आत्मसात केली; त्या रीतीत एक शहाणपण होते, कारण दोन भाषांमधील क्रियापदे कोठे वेगळी वळतात हे त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आपोआप दिसत असे.

इंग्रजी मेळाची खरी परीक्षा लहान वाक्यात होत नाही, ती लांब वाक्यात होते. आंब्यांची टोपली जड आहे, हे इंग्रजीत सांगताना टोपली आधी येते, मग 'ऑफ' येतो, मग अनेकवचनी आंबे येतात आणि त्यानंतर क्रियापदाची पाळी येते. आंबे जवळ असतात, रंगाने आणि वासाने मन भरून टाकतात, आणि टोपली मागे राहिलेली असते. अशा वेळी लिहिणाऱ्याचा हात 'आर'कडे वळतो, खरे तर तेथे 'इज' हवा असतो. टोमॅटोंच्या भावाविषयीच्या वाक्यातही वाढतो तो भाव, पण डोळ्यांपुढे टोमॅटो असतात. जवळच्या शब्दाने क्रियापदाला आपल्याकडे ओढून घ्यावे, ही ओढ इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही चुकत नाही. मराठीत त्यामानाने ही फसगत कमी, कारण 'आंब्यांची टोपली' म्हणताना आंबे षष्ठीच्या प्रत्ययाने झाकले जातात आणि टोपली क्रियापदाच्या अधिक जवळ येते. हाटाच्या गर्दीत लहान मुलाचे बोट धरून चालणाऱ्या आईला जसे मध्ये येणाऱ्या सायकली, हातगाड्या आणि ओळखीची माणसे ओलांडून त्या बोटाचे भान ठेवावे लागते, तसे लांब इंग्रजी वाक्य लिहिणाऱ्याला सुरुवातीच्या एका शब्दाचे भान शेवटपर्यंत ठेवावे लागते.

एक आणि अनेक यांचा निवाडाही प्रत्येक भाषा आपल्या मनाने करते. मराठी जसा ढीगभर कांद्यांना एक कांदा मानते आणि यंदा आंबा चांगला आला असे म्हणून सगळ्या आमराया एका फळात सामावून घेते, तशी इंग्रजी पाचशे रुपयांना एक रक्कम मानून त्यांच्यामागे 'इज' लावते. उलट मराठीत पाचशे रुपये झाले, पाचशे रुपये पुरले, असे रुपये अनेकच राहतात. पिकाला एक मानणारी भाषा आणि पैशाला एक मानणारी भाषा यांत फरक आहे खरा, पण त्यावरून त्या भाषा बोलणाऱ्यांच्या स्वभावाविषयी काही अनुमान काढणे धाडसाचे होईल. एवढेच म्हणता येईल की मोजण्यापूर्वी माणूस काहीतरी एकत्र बांधतो, आणि ते गाठोडे कोणते हे त्याचे क्रियापद उघड करते.

मराठीत वचनाचे आणखी एक काम आहे, ते म्हणजे आदर दाखवणे. आजोबा एकच असतात, पण ते आले. बाबा एकच असतात, पण तेही आले. आई मात्र बहुतेक घरांमध्ये आली. तिला 'अहो' म्हणण्याची रीत काही घरांत असली तरी सामान्यतः 'आई, तू ये' हीच हाक असते, आणि या एकवचनातील जवळीक मराठी माणसाला कोणत्याही बहुवचनापेक्षा मोठी वाटते. इंग्रजीत ही सोय नाही असे वरवर दिसते, परंतु 'यू आर' हे रूप नीट पाहिले तर एका माणसाशी बोलतानाही तेथे अनेकवचनी क्रियापद आहे. पूर्वी एकट्या आणि जवळच्या माणसासाठी इंग्रजीत 'दाउ' हे सर्वनाम होते आणि त्याचे 'आर्ट' हे स्वतंत्र क्रियापद होते. 'यू' हे अनेकांसाठी आणि मान द्यायच्या व्यक्तीसाठी होते. हळूहळू सर्वांनाच मान दिला जाऊ लागला आणि 'तू' म्हणण्याचा शब्द रोजच्या बोलण्यातून मावळला. ज्या भाषेने सर्वांना 'तुम्ही' करून टाकले, तिने आईला 'तू' म्हणण्याची वाट गमावली, असे मराठी कानाला वाटल्याशिवाय राहत नाही. भोपाळच्या जुन्या शहरात 'अपन' म्हणणारा माणूस एकटा असूनही अनेकवचनी क्रियापद वापरतो, तेव्हा त्या अनेकवचनात आदराऐवजी सोबत ऐकू येते. मराठीतील 'आपण' हे त्याचे भावंड तर कधी समोरच्याला मान देते, कधी त्याला आपल्यात ओढून घेते.

स्त्री आणि पुरुष एकत्र आले म्हणजे क्रियापदाने कोणाचे लिंग घ्यावे, हा प्रश्नही असाच हळुवार आहे. हिंदी अशा वेळी साधारणपणे पुल्लिंगाकडे जाते. मराठीत मुलगे आणि मुली मिळून मुले होतात आणि ती मुले आली असे नपुंसकलिंगी अनेकवचन येते. नवरा-बायकोंविषयीही 'ती दोघं आली' असे सहज म्हटले जाते. एकाला दुसऱ्याच्या रूपात विरघळवण्याऐवजी दोघांसाठी तिसरेच रूप पुढे करण्याची ही रीत आहे. आणि भेल या अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्यामुळे भोपाळमध्ये स्थायिक झालेल्या केरळी कुटुंबांच्या मलयाळममध्ये तर क्रियापद कोणाचेच लिंग, वचन किंवा पुरुष घेत नाही. मी, तू, ती, ते सगळे एकाच रूपाने येतात आणि जातात, आणि त्या भाषेतही कोण आले हे कळायचे राहत नाही. मेळाच्या खुणांवाचून भाषा चालते. तरीही ज्या भाषांनी त्या खुणा सांभाळल्या, त्यांच्या बोलणाऱ्यांना त्या सोडवत नाहीत, हे अधिक विचार करण्याजोगे आहे.

संस्कृत व्याकरणात पुरुषांचा क्रम आजच्या शालेय क्रमाच्या उलट आहे. बोलणारा तेथे उत्तम पुरुष, ऐकणारा मध्यम पुरुष, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो प्रथम पुरुष. इंग्रजी वळणाने चालणाऱ्या शालेय व्याकरणात हाच प्रथम पुरुष तृतीय झाला. भोपाळच्या गल्ल्यांमध्ये मुरलेल्या उर्दूने या तिसऱ्यासाठी अरबी व्याकरणातून वेगळाच शब्द घेतला आहे: गायब, म्हणजे जो येथे हजर नाही तो. बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात, त्यांना ओळखण्यासाठी खुणेची फारशी गरज पडत नाही. गैरहजर असलेल्याला मात्र कोणीतरी शब्दात आणावे लागते. इंग्रजीने बाकी सगळे प्रत्यय झिजू दिले आणि नेमका या एकट्या, गैरहजर माणसाचा प्रत्यय ठेवला, यामागे कोणाची योजना नव्हती, तो ध्वनींच्या झिजेचा योगायोग होता. पण योगायोगालाही अर्थ देण्याची मुभा बोलणाऱ्याला असते.

संध्याकाळ उलटून हाट मोडू लागतो, ताडपत्र्या झटकल्या जातात, उरलेली मेथी मिळेल त्या भावाने निघते आणि कांद्याच्या ढिगाच्या जागी सालपटे तेवढी उडत राहतात. त्याच सुमारास आजूबाजूच्या एखाद्या घरात जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या वहीत नागपूरला राहणाऱ्या आजीविषयी पाच इंग्रजी वाक्ये लिहिली जात असतात. आजी पहाटे उठते, तुळशीला पाणी घालते, फोनवर सगळ्यांची चौकशी करते. प्रत्येक वाक्यात ती एकटी आहे, तिसरी आहे आणि येथे नाही. लिहिणारा हात क्रियापदापाशी क्षणभर थांबतो आणि त्याच्या शेवटी एक लहानसे वळणदार अक्षर जोडतो, किंवा जोडायचे विसरतो आणि पुढच्या वाक्याकडे जातो.